पडद्यावरची शहरं: ओळखीच्या वास्तूंविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिनेमा, गाणी, कादंबऱ्या आणि गेम यांतून घराघरांत पोहोचलेल्या वास्तूंबद्दल वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला साधे प्रश्न आहेत, पुढे पुढे ते अवघड होत जातात. एका उत्तराचा धागा दुसरीकडे जात असेल, तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. वास्तू आधी प्रसिद्ध होते आणि मग सिनेमात येते, की सिनेमामुळे प्रसिद्ध होते?

दोन्ही घडतं. न्यूयॉर्कची एम्पायर स्टेट बिल्डिंग १९३१ मध्ये खुली झाली तेव्हा ती जगातली सर्वांत उंच इमारत होती. पण ते मंदीचे दिवस होते. कितीतरी मजले भाडेकरूंविना पडून होते आणि लोक तिला 'एम्प्टी स्टेट बिल्डिंग' म्हणायला लागले होते. १९३३ मध्ये 'किंग काँग' आला, त्यातला महाकाय वानर तिच्या टोकावर चढला, आणि इमारतीला उंचीपलीकडची ओळख मिळाली. विलिस ओब्रायन यांनी छोट्या बाहुल्या एकेका चौकटीला किंचित हलवून तो वानर जिवंत केला होता. पन्नास वर्षं झाली म्हणून १९८३ मध्ये खऱ्या इमारतीवर हवा भरलेला प्रचंड काँग बांधला गेला, पण तो फाटला. बाहुलीला जमलं ते फुग्याला जमलं नाही. मधल्या काळात, १९६४ मध्ये, अँडी वॉरहॉल यांनी याच इमारतीवर कॅमेरा रोखून आठ तासांहून लांब मूकपट केला. त्यात इमारतीशिवाय जवळजवळ काहीच नाही.

अगदी उलटा प्रवास पाहायचा असेल, तर फिलाडेल्फियाच्या पायऱ्या पाहा (प्रश्न ९).

२. कथा पॅरिसला गेली की लगेच आयफेल टॉवर का दाखवतात?

कारण दिग्दर्शकाच्या हातात दोन-तीन सेकंदच असतात. 'आपण आता पॅरिसमध्ये आहोत' हे शब्दांशिवाय सांगायचं, तर ज्याची नुसती बाह्यरेषा ओळखू येते असं काहीतरी लागतं. आयफेल, स्वातंत्र्यदेवता, लंडनचा घड्याळाचा मनोरा, सिडनीचं ऑपेरा हाउस हे सगळे काळ्या सावलीतसुद्धा ओळखू येतात. याची सवय इतकी झाली आहे की सिनेमातल्या पॅरिसच्या प्रत्येक हॉटेलच्या प्रत्येक खिडकीतून टॉवर दिसतो. खऱ्या शहरात मात्र बहुतेक खिडक्यांतून समोरच्या इमारतीच्या खिडक्याच दिसतात.

३. म्हणजे हे सगळं सिनेमा आल्यावरच सुरू झालं का?

नाही, त्याच्या कितीतरी आधी. माझ्या मते यातलं सर्वांत मोठं उदाहरण सिनेमाचं नाहीच, कादंबरीचं आहे. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर पॅरिसचं नोत्र-दाम कॅथेड्रल पडझडीला आलं होतं. १९व्या शतकाच्या सुरुवातीला मध्ययुगीन इमारतींना जुनाट आणि ओबडधोबड समजत. १८३१ मध्ये व्हिक्टर ह्यूगो यांनी या कॅथेड्रललाच मध्यभागी ठेवून कादंबरी लिहिली. कुबड्या घंटावाल्याची गोष्ट वाचता वाचता लोकांना त्या दगडांची काळजी वाटू लागली. त्यातून उभ्या राहिलेल्या लोकमतामुळे १८४०च्या दशकात मोठा जीर्णोद्धार सुरू झाला. हनुवटीला हात लावून शहराकडे पाहत बसलेला तो प्रसिद्ध दगडी राक्षस त्याच जीर्णोद्धारात, वास्तुविशारद व्हिओले-ल-द्यूक यांच्या कल्पनेतून आला. म्हणजे जे शिल्प आपण 'मध्ययुगीन पॅरिस' म्हणून पाहतो, ते कादंबरीपेक्षाही वयाने लहान आहे.

१५ एप्रिल २०१९ च्या आगीनंतर फ्रान्समध्ये त्याच कादंबरीच्या प्रती पुन्हा धडाक्याने खपल्या. डिसेंबर २०२४ मध्ये कॅथेड्रल पुन्हा उघडलं.

४. नोत्र-दामची दुरुस्ती एका व्हिडिओ गेममधल्या मॉडेलवरून केली, हे खरं आहे का?

खरं नाही. पण ही अफवा कुठून आली ते समजण्यासारखं आहे. राज्यक्रांतीच्या काळातल्या पॅरिसवर आधारित 'असॅसिन्स क्रीड युनिटी' हा गेम २०१४ मध्ये आला. त्यात नोत्र-दाम इतक्या बारकाईने उभं केलं होतं की आग लागल्यावर हजारो लोकांना पहिल्यांदा तेच आठवलं. गेमच्या कंपनीने दुरुस्तीसाठी पाच लाख युरो दिले आणि आठवडाभर गेम फुकट ठेवला. या दोन खऱ्या बातम्यांना तिसरी खोटी चिकटली.

गेममधलं कॅथेड्रल खेळाडूला चढता यावं, उड्या मारता याव्यात म्हणून ठिकठिकाणी बदललेलं होतं. त्यावर दाखवलेला उंच शिखरमनोरा तर १८५९चा, व्हिओले-ल-द्यूक यांचा आहे. राज्यक्रांतीच्या वेळी तो नव्हताच. कलाइतिहासकार अँड्र्यू टॅलन यांनी मात्र आगीपूर्वी लेझरच्या साहाय्याने कॅथेड्रलची अत्यंत अचूक मोजमापं घेऊन ठेवली होती. आगीच्या काही महिने आधी, २०१८ मध्ये, ते वारले. आपलं काम किती मोलाचं ठरणार आहे हे त्यांना कळलंच नाही, याची मला फार चुटपुट लागते.

५. 'हॉलिवूड'ची पाटी सिनेमावाल्यांनी लावली का?

ती घरांच्या प्लॉटची जाहिरात होती. १९२३ मध्ये लॉस एंजेलिसच्या टेकडीवर 'हॉलिवूडलँड' अशी अक्षरं उभी राहिली. रात्री हजारो दिवे लागत आणि नाव तुकड्या-तुकड्यांनी चमके. पाटी दीड वर्षासाठीच होती. पण त्याच काळात सिनेमाचा धंदा फोफावला आणि पाटी काढायचं कुणाच्याच जिवावर आलं. १९४९ च्या दुरुस्तीत 'लँड' उतरवलं आणि गावाचं नाव तेवढं उरलं.

सत्तरच्या दशकात अक्षरं कुजली, एक 'ओ' अर्धा तुटला. १९७८ मध्ये नऊ देणगीदारांनी प्रत्येकी सुमारे २७ हजार ७०० डॉलर देऊन एकेक अक्षर 'दत्तक' घेतलं. रॉक गायक अ‍ॅलिस कूपर यांनी विनोदवीर ग्राउचो मार्क्सच्या स्मरणार्थ एक 'ओ' घेतला. आज दिसतात ती पोलादी अक्षरं तेव्हाची आहेत, १९२३ची नाहीत.

१ जानेवारी १९७६ रोजी, गांजाविषयीचा कायदा कॅलिफोर्नियात सैल झाला त्या दिवशी, एका विद्यार्थ्याने कापड लावून पाटी 'हॉलिवीड' ('वीड' म्हणजे गांजा) अशी केली. २०१७ च्या नववर्षदिनी कुणीतरी पुन्हा तेच केलं.

६. बिग बेन म्हणजे तो मनोराच ना?

काटेकोरपणे बोलायचं तर आतली मोठी घंटा. तिचं वजन १३.७ टन आहे आणि ती १८५९ पासून वाजते. मनोऱ्याला २०१२ पासून 'एलिझाबेथ टॉवर' हे अधिकृत नाव आहे. बोलताना मनोऱ्याला बिग बेन म्हटलं तर बिघडत नाही, लंडनकरही म्हणतात. तिची ओळख डोळ्यांआधी कानांनी झाली. १९२३ च्या अखेरच्या रात्री तिचे ठोके पहिल्यांदा रेडिओवर ऐकवले गेले. पडद्यावर तिच्या काट्यांचं काम जास्त: १९५३ च्या 'पीटर पॅन'मध्ये मुलं काट्यावर उतरतात, १९७८ च्या 'द थर्टी-नाइन स्टेप्स'मध्ये नायक काट्याला लोंबकळतो.

७. लंडन ब्रिज म्हणून सगळे दोन मनोऱ्यांचा पूल दाखवतात. तो तोच आहे का?

तो टॉवर ब्रिज, १८९४चा. लंडन ब्रिज शेजारी आहे आणि दिसायला अगदी साधा आहे. बडबडगीतात सतत कोसळणारा पूल त्याचाच पूर्वज. १८३१ मधला लंडन ब्रिज तर १९६८ मध्ये विकला गेला, दगडांवर आकडे घालून अमेरिकेत नेला गेला आणि १९७१ पासून अ‍ॅरिझोनातल्या लेक हवासू शहरात उभा आहे. घेणाऱ्याला वाटलं होतं की आपण टॉवर ब्रिजच विकत घेतोय, ही गोष्ट चवीने सांगतात. त्याने स्वतः ती नाकारली होती.

८. संगीतामुळे प्रसिद्ध झालेल्या जागा कोणत्या?

पहिली अर्थातच लंडनच्या अ‍ॅबी रोडवरचे झेब्रा पट्टे. ८ ऑगस्ट १९६९ रोजी बीटल्स ते ओलांडत होते, छायाचित्रकार इयन मॅकमिलन रस्त्याच्या मधोमध शिडीवर उभे होते आणि एका पोलिसाने वाहनं थांबवली होती. सगळा कारभार दहा मिनिटांचा, फोटो फक्त सहा. अल्बमला रस्त्याचं नाव दिलं, आणि पुढे त्या रस्त्यावरच्या ध्वनिमुद्रण स्टुडिओनेही (तोवर तो ईएमआय स्टुडिओज होता) तेच नाव घेतलं. २०१० मध्ये त्या पट्ट्यांना ब्रिटनच्या संरक्षित वारशाचा दर्जा मिळाला. त्यावर इमारत नाही, कमान नाही, रंगवलेला डांबरी रस्ता आहे. मला हे फार हृद्य वाटतं.

दुसरी लंडनचंच बॅटरसी वीजकेंद्र. पिंक फ्लॉइड या रॉक बँडच्या १९७७ च्या 'अ‍ॅनिमल्स' या अल्बमच्या मुखपृष्ठासाठी चार धुराड्यांच्या मध्ये फुगवलेलं डुक्कर टांगलं होतं. डिसेंबर १९७६ मधल्या चित्रणात दोर तुटला, डुक्कर हीथ्रोच्या विमानांच्या वाटेत गेलं आणि शेवटी केंट परगण्यातल्या शेतात उतरलं. वीजकेंद्र १९८३ मध्ये पूर्ण बंद झालं. २०२२ मध्ये तिथे दुकानं आणि घरं उघडली, धुराडी मात्र पाडून होती तशीच पुन्हा बांधली.

९. फिलाडेल्फियाच्या पायऱ्यांवर लोक धावत का चढतात?

१९७६ च्या 'रॉकी' या सिनेमामुळे. त्यातला मुष्टियोद्धा नायक रॉकी सराव करताना या पायऱ्या धावत चढतो. पायऱ्या ७२, वर फिलाडेल्फिया कलासंग्रहालय. यामागे एक तांत्रिक योगायोग आहे, तो फारसा कुणी सांगत नाही. धावतानाही कॅमेरा हलू न देणारं स्टेडिकॅम हे यंत्र गॅरेट ब्राउन यांनी तेव्हा नुकतंच तयार केलं होतं. ते फिलाडेल्फियाचे. यंत्र काय करू शकतं हे दाखवायला त्यांनी आपल्या मैत्रिणीला या पायऱ्यांवरून पळायला लावून चित्रण केलं. ते 'रॉकी'च्या दिग्दर्शकाने पाहिलं आणि विचारलं, या पायऱ्या कुठे आहेत? म्हणजे पहिली धाव रॉकीची नव्हतीच.

पुतळ्याचा वाद त्यानंतरचा. तिसऱ्या भागासाठी (१९८२) रॉकीचा ब्राँझचा पुतळा बनवून पायऱ्यांवर ठेवला गेला. चित्रीकरण संपल्यावर प्रश्न आला: ही कला की सिनेमाचं सामान? पुतळा शहराच्या दुसऱ्या टोकाला क्रीडागृहापाशी गेला. २००६ मध्ये तो पायऱ्यांच्या पायथ्याशी परत आला. जो माणूस कधी जन्मलाच नाही त्याच्याबरोबर फोटो काढायला तिथे रांग लागते. अशा आणखी 'रहिवाशां'साठी प्रश्न ११ पाहा.

१०. रोमच्या ट्रेवी कारंज्यात नायिकेसारखं उतरता येतं का?

नाही, दंड होतो. दिग्दर्शक फेलिनींच्या १९६० च्या 'ला दोल्चे व्हिता'मध्ये अनिता एकबर्ग उतरली ते चित्रण थंडीतलं होतं. ती तासन्‌तास गार पाण्यात उभी राहिली. मार्चेल्लो मास्त्रोयान्नी यांनी मात्र सुटाच्या आत पाणबुड्यांचा पोशाख चढवला होता, असं सांगतात. १९९६ मध्ये मास्त्रोयान्नी गेले तेव्हा कारंजं बंद करून त्यावर काळं कापड पांघरलं गेलं. १७६२ मध्ये पूर्ण झालेल्या कारंज्याने एका नटाचं सुतक पाळलं.

नाणी टाकायला हरकत नाही. ती गोळा करून कारितास या धर्मादाय संस्थेला गरजूंसाठी दिली जातात.

११. ज्युलिएटची बाल्कनी, शेरलॉक होम्सचं घर, हॅरी पॉटरचा पावणेदहा नंबरचा प्लॅटफॉर्म: हे सगळं खरं आहे का?

पात्रं काल्पनिक, पण पत्त्यांची कथा प्रत्येकाची वेगळी.

व्हेरोनातलं घर खरोखर मध्ययुगीन आहे, पण बाल्कनी २०व्या शतकात जोडलेली. गंमत म्हणजे शेक्सपिअरच्या नाटकात 'बाल्कनी' हा शब्दच नाही, ज्युलिएट 'वर' दिसते इतकंच. अंगणातला ज्युलिएटचा पुतळा हात लावून लावून इतका झिजला की २०१४ मध्ये मूळ पुतळा आत नेऊन बाहेर प्रतिकृती ठेवावी लागली.

होम्सच्या गोष्टी लिहिल्या गेल्या तेव्हा लंडनच्या बेकर स्ट्रीटवर २२१ पर्यंत क्रमांक पोहोचतच नव्हते. पुढे रस्त्याला नवे क्रमांक मिळाले आणि तो क्रमांक एका गृहवित्त संस्थेच्या कार्यालयात आला. टपालाने होम्सच्या नावाने इतकी पत्रं येऊ लागली की उत्तरं द्यायला संस्थेने सचिव नेमला. कुणाची हरवलेली वस्तू, कुणाचं कोडं, आणि त्याला शांतपणे उत्तर देणारा माणूस! १९९० मध्ये सुरू झालेलं संग्रहालय '२२१बी' ही पाटी लावतं, पण ते उभं आहे २३७ आणि २४१ यांच्या मध्ये.

पावणेदहाचा प्लॅटफॉर्म किंग्ज क्रॉस स्थानकात आहे, म्हणजे भिंतीत अर्धी घुसलेली सामानगाडी आहे. खऱ्या ९ आणि १० या फलाटांच्या मध्ये रूळ आहेत, भिंत नाही. लेखिकेनेच नंतर सांगितलं की लिहिताना तिच्या डोळ्यांपुढे यूस्टन स्थानक होतं. सिनेमात बाहेरून दिसणारी देखणी लाल इमारत शेजारच्या सेंट पँक्रसची आहे.

१२. सिनेमातलं शहर खरंच तेच शहर असतं का?

कित्येकदा नसतं. न्यूयॉर्क म्हणून टोरांटो दाखवायची पद्धत जुनी आहे. २००८ च्या बॅटमनपटातलं गॉथम बहुतांशी शिकागो आहे. 'फ्रेंड्स' मालिकेतली इमारत मॅनहॅटनमध्ये आहे, पण मालिका चित्रित झाली कॅलिफोर्नियाच्या स्टुडिओत.

जोडकाम केलेलं शहर मात्र कधी कधी झोंबतं. १९९९ च्या 'एन्ट्रॅपमेंट'मध्ये क्वालालंपूरचे पेट्रोनास मनोरे दूरच्या मलाक्का शहरातल्या नदीकाठच्या झोपड्यांशेजारी दिसतात. मलेशियाचे तेव्हाचे पंतप्रधान महाथिर यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली होती. माझ्या मते त्यांचा राग रास्त होता. रस्ता बदलणं वेगळं आणि शहराची स्थिती बदलून दाखवणं वेगळं.

१३. गॉडझिलाने पहिल्या सिनेमात टोकियो टॉवर पाडला होता ना?

पाडूच शकला नसता. पहिला 'गॉडझिला' १९५४चा, टॉवर बांधून झाला १९५८ मध्ये, उंची ३३३ मीटर. पहिल्या सिनेमात संसद भवन आणि गिंझातला घड्याळाचा मनोरा पडतो. टोकियो टॉवरला राक्षसांची सवय लागली ती १९६१ च्या 'मोथ्रा'पासून. त्यात महाकाय अळी टॉवरवर कोश विणते. २०१५ मध्ये टोकियोच्या शिंजुकू प्रभागाने गॉडझिलाला खास रहिवासी आणि पर्यटनदूत नेमलं. शहर पाडणाऱ्यालाच रहिवाशाचा मान!

१४. न्यूयॉर्कचे जुळे मनोरे जुन्या सिनेमांतून काढून टाकले का?

सरसकट नाही. ११ सप्टेंबर २००१ नंतर प्रदर्शनाच्या वाटेवर असलेल्या काही सिनेमांतून मनोऱ्यांची दृश्यं काढली गेली. 'स्पायडरमॅन'ची एक झलक तर पूर्णच मागे घेतली, कारण तिच्यात दोन मनोऱ्यांच्या मध्ये विणलेल्या जाळ्यात हेलिकॉप्टर अडकतं. आधी प्रदर्शित झालेल्या सिनेमांत मनोरे आहेत तसे आहेत. १९७६ चा किंग काँग एम्पायर स्टेट सोडून याच मनोऱ्यांवर चढला होता. ७ ऑगस्ट १९७४ रोजी फिलिप पेती दोन मनोऱ्यांमधल्या तारेवरून चालला, त्यावर २०१५ मध्ये सिनेमा आला तेव्हा मनोरे संगणकावर पुन्हा उभे करावे लागले. ज्यांचं माणूस तिथे गेलं, त्यांच्यासाठी जुन्या सिनेमातली ती क्षितिजरेषा म्हणजे नुसतं दृश्य नसतं.

१५. आयफेल टॉवरचा रात्रीचा फोटो काढणं बेकायदा आहे का?

स्वतःसाठी काढलेल्या फोटोला काही अडचण नाही. १८८९ मध्ये खुल्या झालेल्या मनोऱ्याच्या रचनेवर आता कुणाचा स्वामित्वहक्क नाही. पण रात्रीची रोषणाई १९८५ मधली स्वतंत्र कलाकृती मानली जाते. त्यामुळे जाहिरात, सिनेमा असा व्यावसायिक वापर करायचा तर परवानगी घ्यावी लागते. दिवसाच्या फोटोला ती लागत नाही.

प्रतिकृतीलाही हक्क असू शकतो. २०१० मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने स्वातंत्र्यदेवतेचं तिकीट काढलं आणि चेहरा चुकून लास वेगासच्या हॉटेलबाहेरच्या प्रतिकृतीचा छापला. त्या शिल्पकाराने दावा केला, आणि २०१८ मध्ये न्यायालयाने त्याला सुमारे ३५ लाख डॉलर देववले. आपण घडवलेला चेहरा मूळ मूर्तीपेक्षा वेगळा आहे, हे म्हणणं कोर्टाला पटलं.

१६. सिनेमातली खोटी गोष्ट शहराने खरी केली, असं कधी झालंय का?

हो, मेक्सिको सिटीत. २०१५ च्या 'स्पेक्टर' या बाँडपटाच्या सुरुवातीला मृतांच्या दिवसाची भव्य मिरवणूक आहे. सण शतकांपासूनचा, पण घरात आणि कबरींपाशी साजरा होणारा. तशी मिरवणूक शहरात नव्हती. सिनेमा पाहून पर्यटक ती शोधत येतील हे ओळखून २०१६ मध्ये शहराने ती सुरू केली. आता ती दर वर्षी निघते आणि लाखो लोक येतात. काहींना हे बाजारू वाटतं. पण लहानपणापासून ती पाहिलेल्या मुलांसाठी ती आपलीच परंपरा असणार.

१७. या यादीत मुंबईचं व्हीटी स्टेशन बसतं का?

नक्कीच. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांच्या आराखड्यानुसार १८७८ मध्ये काम सुरू झालं आणि त्याला सुमारे दहा वर्षं लागली. आज ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस आहे, २००४ पासून जागतिक वारसा आहे. हिंदी सिनेमाने त्याला एक ठरलेली भूमिका दिली: गावाकडून आलेला माणूस इथे बाहेर पडतो, मान वर करतो, आणि शहर सुरू होतं. २००८ च्या 'स्लमडॉग मिलियनेअर'च्या शेवटचा नाच याच स्टेशनच्या फलाटावर चित्रित झाला.

१८. अशा प्रसिद्धीचा तिथे राहणाऱ्यांना त्रास होत नाही का?

होतो, आणि याकडे फारच कमी लक्ष दिलं जातं. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधला एक उंच जिना २०१९ च्या 'जोकर'नंतर गर्दीने भरून गेला. आसपासच्या लोकांसाठी तो घरी जायचा रस्ता आहे. अमेरिकेतल्या अल्बुकर्की शहरातल्या एका खासगी घराच्या छतावर लोक पिझ्झा फेकत, कारण 'ब्रेकिंग बॅड' या मालिकेत तसं दृश्य आहे. शेवटी घरमालकांना उंच कुंपण घालावं लागलं. कुणाच्या दारात उभे असाल तर आवाज कमी ठेवा, वाट अडवू नका, आणि खिडकीतून आत कॅमेरा रोखू नका.

१९. मी गेलो आणि जागा फारच लहान वाटली. असं का होतं?

पडद्यावर ती जागा रिकामी असते, प्रकाश निवडलेला असतो, कॅमेरा जमिनीलगत किंवा क्रेनवर असतो आणि खाली संगीत वाजत असतं. तुम्ही गेलात दुपारी, गर्दीत, उभ्या माणसाच्या नजरेच्या उंचीवरून पाहिलंत. शक्य असेल तर उजाडताना जा. आणि ज्या बाजूने कॅमेऱ्याने पाहिलं तिच्या उलट बाजूला वळून पाहा. फिलाडेल्फियाच्या पायऱ्या चढून गेल्यावर समोर रुंद रस्ता सरळ सिटी हॉलच्या मनोऱ्यापर्यंत जाताना दिसतो. बहुतेक जण तिथे हात उंचावून फोटो काढतात आणि उतरतात. पाठीमागे मार्सेल द्यूशाँच्या कलाकृतींचा जगातला सर्वांत मोठा संग्रह असलेल्या संग्रहालयाचं दार असतं.